मुलाच्या शेजारची खुर्ची

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्याकडे निकाहाच्या वेळी एक 'वकील' असतो. काळ्या कोटातला नव्हे. मुलीकडचाच कोणीतरी वडीलधारा, मामा किंवा चुलता. दोन साक्षीदारांना घेऊन तो आतल्या खोलीत मुलीजवळ जातो, मुलाचे नाव आणि मेहेरची रक्कम सांगतो, आणि कबूल आहे का म्हणून विचारतो. तिचे उत्तर घेऊन तो बाहेर बैठकीत काझीसाहेबांपुढे येतो. जी बैठकीत बसलेली नाही तिचा शब्द बैठकीत पोहोचवायचा, एवढेच त्याचे काम. 'वकील' या शब्दाचा मूळ अर्थही तोच: ज्याच्या हाती आपण आपले काम सोपवले तो. कोर्टकचेरीशी तो शब्द नंतर जोडला गेला.

आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे तेही काळ्या कोटातले वकील नाहीत. ज्या मुलाला आईबाप नाहीत, किंवा असून त्याला सांभाळू शकत नाहीत, त्याने कुठे राहायचे, कोणाच्या घरी वाढायचे, हे एखादी समिती किंवा न्यायालय ठरवते. त्या ठरवण्याच्या वेळी मुलाच्या बाजूने बोलायला एक साधा, शिकलासवरला, पगार न घेणारा नागरिक हजर असावा, अशी ही कल्पना आहे.

तिचा जन्म अमेरिकेतल्या सिएटल शहरातला. तिथल्या किंग काउंटीच्या बाल न्यायालयात डेव्हिड सूकप नावाचे न्यायाधीश होते. त्यांच्यापुढे आईचा वकील बोलायचा, बापाचा वकील बोलायचा, सरकारी खात्याचा माणूस कागद ठेवायचा. आणि या सगळ्यांवरून त्यांना त्या मुलाचे पुढचे आयुष्य ठरवावे लागायचे, ज्याला त्यांतल्या कोणीच नीट ओळखत नव्हते. अशा प्रत्येक खटल्यात मुलाचा स्वतंत्र प्रतिनिधी हवा, असे तिथल्या १९७४ च्या केंद्रीय कायद्याने म्हटलेले होते. पण एकेका वकिलाकडे इतकी मुले असायची की भेटायलाही वेळ मिळायचा नाही. तेव्हा सूकप यांनी गावातल्या सामान्य माणसांनाच हाक दिली. १९७७ मध्ये ते काम सुरू झाले. स्वयंसेवकाला साधारण तीस तासांचे प्रशिक्षण द्यायचे, न्यायाधीशापुढे शपथ द्यायची, आणि एक किंवा दोनच मुले सोपवायची. तो मुलाला नियमित भेटतो, शाळेत जातो, डॉक्टरला विचारतो, शेजाऱ्यांशी बोलतो, आणि शेवटी एक अहवाल न्यायाधीशांच्या हाती देतो. पुढे ही पद्धत त्या देशात जवळजवळ सर्वत्र पसरली.

इथे एक बारकावा आहे, आणि सगळ्या कामाची मेख त्यातच आहे. निकाहातला वकील स्वतःचे मत सांगत नाही. मुलाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाला मात्र दोन गोष्टी सांगाव्या लागतात: मुलाला काय हवे आहे, आणि मुलाच्या भल्याचे काय आहे. या दोन्ही पुष्कळदा एक नसतात. मारणाऱ्या बापाकडेच परत जायचे म्हणून रडणारे लेकरू असते. म्हणून दोन्ही सांगायचे, पण वेगवेगळे. 'मूल असे म्हणते. मला मात्र असे वाटते, आणि ते या कारणांनी.' आपल्या मताला मुलाची इच्छा म्हणून पुढे करणे हा त्या मुलाचा शब्द चोरण्याचा प्रकार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतही या दोन गोष्टी वेगवेगळ्या कलमांत ठेवल्या आहेत. तिसऱ्या कलमात मुलाचे हित, बाराव्या कलमात मुलाचे म्हणणे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली.

आपल्याकडे असा नेमून दिलेला स्वयंसेवक नाही. पण बाहेरच्या माणसाने मुलासाठी न्यायालयात उभे राहणे आपल्याला अगदीच नवे नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९८६ मध्ये न्यायालयाने त्यावर देशभरासाठी आदेश दिले. त्याआधी, १९८४ मध्ये, लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांच्या एका पत्रावरून न्यायमूर्ती भगवती यांनी परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले. मुलाला परदेशी पाठवण्याचा अर्ज आला की न्यायालयाने एखाद्या जाणत्या समाजकल्याण संस्थेला नोटीस काढावी आणि त्या संस्थेने केवळ मुलाच्या हिताच्या नजरेने तो अर्ज तपासावा, असे त्यांत होते. म्हणजे अर्जदार दांपत्याच्या आणि मूल देणाऱ्या संस्थेच्या पलीकडे एक तिसरा डोळा. तो परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी होता. देवरीच्या किंवा सालेकशाच्या मुलासाठी कोण आहे?

ते समजायला एक उदाहरण घेऊ. उदाहरण मनाचे आहे, पण त्यातला एकही तुकडा आपल्या भागात नवलाचा नाही. दरेकशाच्या बाजूची नऊ वर्षांची मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ. माय वारलेली. बाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. धान कापून झाले की आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे जातात तसा. घरी म्हातारी आजी. ही दोघे बापाला शोधायला गाडीत बसतात आणि गोंदियाला उतरतात. गोंदिया जंक्शन म्हणजे चार दिशांचे. हावडा-मुंबईचा मार्ग, वर बालाघाट-जबलपूर, खाली बल्लारशा. चुकून दुसऱ्या गाडीत बसली असती तर रात्रीतून कुठल्या कुठे गेली असती. रेल्वे पोलिसांना ती फलाटावर दिसतात.

इथून कायदा सुरू होतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ हा जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याप्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्या मुलांना बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. हजर करणारे पोलीसच असले पाहिजेत असे नाही. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, कोणीही जागरूक नागरिक, इतकेच काय, मूल स्वतःहूनही समितीपुढे येऊ शकते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत एक तरी स्त्री असावीच लागते. महिन्यातून किमान २० दिवस समितीने बसायचे असते. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. पण बसण्याची जागा कोर्टासारखी नसावी, उंच चौथरा नसावा, आरोपीचा पिंजरा तर नाहीच, असे नियमांत सांगितले आहे. हे ज्यांनी लिहिले त्यांनी कधीतरी मुलाच्या उंचीवरून जगाकडे पाहिले असणार.

समिती गृहचौकशीचा आदेश देते. ती १५ दिवसांत व्हावी आणि अंतिम निर्णय मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. तोवर मुलगी मुलींच्या बालगृहात जाईल. भाऊ सहा वर्षांच्या आतला, म्हणून त्याची रवानगी बहुधा शिशुगृहात. दोन्ही आदेश नियमाला धरून, दोन्ही मुलांच्या सुरक्षिततेसाठीच. आणि मायच्या मागे ज्या पोरीने भावाला कडेवर वाढवले तिच्या कडेवरून तो उतरवला जाईल.

आता त्या मुलीने काय काय कोणाला सांगितले ते बघा. फलाटावरच्या शिपायाला नाव सांगितले. समितीच्या बाईंना गाव सांगितले. बालगृहाच्या अधीक्षिकेला ती काहीच बोलली नाही. समुपदेशक हिंदीत विचारतात, ती घरी गोंडी आणि बाहेर छत्तीसगढी बोलते. गृहचौकशीला जाणारा कर्मचारी गावात पोहोचतो तेव्हा आजी मोहफुले वेचायला रानात गेलेली. तो शेजाऱ्याकडून माहिती घेऊन येतो. प्रत्येकाने आपापले काम केले. पण सगळी मुलगी कोणाजवळच नाही. प्रत्येकाकडे तिचे एकेक पान आहे.

मी कागदांकडे शब्दांच्या सवयीने पाहणारा माणूस. या चौकशीसाठी ठरलेला छापील नमुना आहे. घर, उत्पन्न, आजार, व्यसन, शाळा, मित्र असे त्यात खूप काही विचारलेले आहे, आणि तो वाईट नमुना नाही. पण घाईत भरलेल्या अशा कोणत्याही नमुन्यात 'परिस्थिती हलाखीची', 'पालक बेजबाबदार', 'संस्थेत ठेवणे योग्य' ही वाक्ये ठोकळ्यांसारखी येऊन बसतात. 'बेजबाबदार' हा शब्द त्या बापाला लागू पडतो का? तो पळाला नाही, मजुरीला गेला आहे. माघारी येताना तो धान्याऐवजी पैसे किंवा मिरची आणेल. हे समितीला सांगायला कोणीतरी त्याच्या मुकादमाचा फोन शोधायला हवा. आजी अशक्त आहे की फक्त त्या दिवशी घरी नव्हती, हे कळायला दुसऱ्यांदा जायला हवे. भाऊबहिणीला आठवड्यातून एकदा तरी भेटू द्या, असे कोणीतरी म्हणायला हवे. कायद्याच्या ४४ व्या कलमातच म्हटले आहे की मुले दुसऱ्या कुटुंबात ठेवायची झाली तर भावंडे एकत्र ठेवण्याचा सर्व प्रयत्न करावा. पण कलम आपल्या पायांनी चालत येत नाही.

या दुसऱ्यांदा जाणाऱ्या माणसासाठी आपल्या व्यवस्थेत जागा आहे का? आहे, पण तुकड्यातुकड्यांत.

पहिली जागा विधी सेवा प्राधिकरणात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक मुलाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी, कोणीही चारित्र्यवान माणूस यात येऊ शकतो. प्रशिक्षण मिळते, कामाच्या दिवसाचे थोडे मानधन मिळते. गोंदियाच्या जिल्हा न्यायालयात हे प्राधिकरण आहे.

दुसरी जागा लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत. पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बाल कल्याण समिती पीडित मुलाला एक 'सपोर्ट पर्सन' म्हणजे सोबतीचा माणूस देऊ शकते. अमेरिकेतल्या त्या स्वयंसेवकाच्या सगळ्यांत जवळचे आपले नाते हेच. तपासापासून निकालापर्यंत हा माणूस मुलासोबत असतो, पुढची तारीख आणि तिचा अर्थ मुलाच्या भाषेत सांगतो, आणि मुलाची तब्येत, मन, घरची स्थिती यांचा अहवाल दर महिन्याला समितीला देतो. १८ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात या सोबतीच्या माणसाचे महत्त्व ठासून सांगितले आणि त्याला मोबदलाही मिळावा असे म्हटले. पात्रताही सांगितली: समाजकार्य, मानसशास्त्र अशा विषयांतले पदव्युत्तर शिक्षण, किंवा पदवी आणि मुलांच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव. माझ्यासारख्या नुसत्या बी.ए.ला तिथे लगेच प्रवेश नाही, आणि ते योग्यच आहे. जखमेवर हात ठेवणाऱ्याचा हात शिकलेला असावा.

तिसरी जागा गावातच आहे. सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांची ग्राम बाल संरक्षण समिती. बहुतेक गावांत ती रजिस्टरात आहे. रजिस्टराबाहेर ती जिथे भेटेल तिथल्या मुलांचे नशीब चांगले.

आता संगोपनाविषयी. मूल संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, हे २०१५ च्या कायद्याचे एक मूलतत्त्व आहे. त्याआधी घर. स्वतःचे, नाहीतर नात्यातले, नाहीतर दुसऱ्या कोणाचे. महाराष्ट्रात यासाठी बालसंगोपन योजना जुनी आहे. २०२३ पासून तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले आणि मुलामागे दरमहा २,२५० रुपये अनुदान ठरले. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, ज्यांचा एक पालक गेला अशा मुलांना बालसंगोपनाचा आधार मिळाला आणि दोन्ही पालक गमावलेल्यांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली. तेव्हा पुष्कळ गावांना ही योजना प्रथम ठाऊक झाली. आपल्याकडे या योजनेतले मूल बहुधा आजीकडे, मामाकडे किंवा एकट्या आईकडेच असते. रक्ताचे नाते नसलेल्या घरात मूल ठेवण्याला अजून दारे उघडलेली नाहीत. केंद्राने २०२४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे बदलली. एकटी व्यक्तीही आता असे मूल सांभाळायला घेऊ शकते, आणि दोन वर्षे नीट सांभाळल्यावर दत्तकासाठी अर्ज करू शकते.

माझ्या समाजात याविषयी एक अडखळ आहे, ती मोकळेपणी बोललेली बरी. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात दत्तक नाही. मुलाचे कूळ आणि बापाचे नाव बदलत नाही. २०१४ मध्ये शबनम हाशमी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येईल, ज्याला नको त्याच्यावर सक्ती नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण संगोपनात नाव बदलत नाही, वारसा बदलत नाही, मुलाचे आईबाप त्याला भेटूही शकतात. यालाच अरबीत 'कफाला' म्हणतात, आणि बालहक्क संहितेच्या विसाव्या कलमात हा शब्द जसाच्या तसा आलेला आहे. पैगंबरसाहेबांचे वडील त्यांच्या जन्माआधीच गेले होते, सहाव्या वर्षी आई गेली. आजोबांनी आणि त्यांच्यानंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांना वाढवले. यतीमाच्या डोक्यावर हात ठेवण्याचे पुण्य आम्हाला लहानपणापासून सांगितलेले असते. रमजानात आम्ही यतीमखान्याला पैसे देतो. मुलाला घर देण्यापर्यंत फार थोडे जण पोहोचतो. कुटुंब म्हणून नाही जमले, तर निदान एका मुलाचा कागद पुढे सरकवायला आठवड्यातला एक दिवस देता येतो.

हे काम करू पाहणाऱ्याला काही गोष्टी आधी कळायला हव्यात. मुलाला वचन द्यायचे नाही. 'तुला घरी नेतो' हे वाक्य आपल्याला दयेपोटी सुचते, मुलाला ते तारखेसारखे पाठ होते. पैसे आणि भेटवस्तू द्यायच्या नाहीत. मुलाला परस्पर स्वतःच्या घरी न्यायचे नाही. त्याची गोष्ट कोणाला सांगायची नाही. कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मोबाइलवर मुलासोबतचा फोटो टाकणारे सेवाभावी लोक यात पहिले सापडतील. आम्हा कवींनाही हे लागू आहे. मुलाचे दुःख मुशायऱ्यात न्यायला आपण तिथे गेलेलो नसतो. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे सुरू केलेले सोडायचे नाही. आधीच चार माणसे ज्याला सोडून गेली, त्याला पाचवा माणूस होऊन भेटू नये.

एक शंका मात्र मला सतत असते. फुकट काम करणारी माणसे मिळाली की सरकारला हात झटकायला बरे पडते. परिविक्षा अधिकाऱ्याचे काम स्वयंसेवकाने करायचे नाही. जिल्ह्याला एक बाल संरक्षण कक्ष, आणि तालुके आठ. केशोरीहून किंवा चिचगडहून गोंदियाला एकदा यायचे म्हणजे मजुराचा दिवस बुडतो आणि वर भाडे. समितीने तालुक्याच्या जागी जाऊन बसावे, दुभाष्याला मानधन द्यावे, रिकामी पदे भरावीत, ही मागणी स्वयंसेवकांनीच सगळ्यांत मोठ्याने केली पाहिजे, कारण उणीव त्यांनाच जवळून दिसते.

ज्याला यायचे असेल त्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारावे. प्राधिकरणाचा फोन १५१०० आहे. संकटातले मूल दिसले तर १०९८.

पुष्कळदा अगदी कोरड्या कामालाच माणूस लागतो. मूल अठरा वर्षांचे झाले की बालगृहातून निघते. त्यानंतर २१ व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद कायद्यात आहे, पण तिच्यासाठी कागद लागतात. ज्याचे कोणीच नाही त्याला अनाथ प्रमाणपत्र मिळते आणि २०१८ पासून राज्यात त्यावर एक टक्का आरक्षण आहे. पण आपल्या उदाहरणातल्या मुलीला बाप आहे, ती अनाथ नाही. ती गोंड आहे, तिला अनुसूचित जमातीचा दाखला लागेल, आणि त्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा. पणजोबाचा कोतवाल बुकातला उतारा, शाळेचा दाखला, जमिनीचा एखादा तुकडा असल्यास त्याची नोंद. बालगृहाची अधीक्षिका तो शोधायला दरेकशाला जाणार नाही. तिच्याकडे इतर मुली आहेत. आजी आहे तोवर विचारता येते की तुझ्या सासऱ्याचे नाव काय, ते मूळचे कोणत्या गावचे. आजी गेली की ते नावही जाते. म्हणून पहिल्या भेटीतच वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून घ्यावे, गावाच्या आणि तहसीलच्या नावासकट.